सहा निविदा, सहा कार्बन आराखडे: तपासायचं नेमकं काय?

प्रश्न: इंग्लंडमधल्या एका केंद्रीय सरकारी संस्थेच्या खरेदी विभागात मी नुकतीच रुजू झाले आहे. कार्यालयांची साफसफाई आणि देखभाल यांचं पाच वर्षांचं टेंडर आहे, वर्षाला साधारण ६० लाख पाउंडांचं. सहा निविदा आल्या. सहाही जणांनी कार्बन रिडक्शन प्लॅन, म्हणजे उत्सर्जन कमी करण्याचा आराखडा, जोडलाय आणि सगळेच २०५० पर्यंत नेट झिरो, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनावर, येणार म्हणतात. साहेबांनी सांगितलंय, 'हे असेस कर.' ज्याचं उत्सर्जन कमी, त्याला जास्त गुण द्यायचे का? एकाने मूळ कंपनीचा प्लॅन दिलाय आणि एकाच्या प्लॅनवरची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची आहे. या दोघांचं काय करू?

उत्तर:

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण सगळ्यात महाग पडणारी चूक तिथेच होते. या आराखड्याला गुण द्यायचे नाहीत. तो पात्रतेचा कागद आहे. पास किंवा नापास, एवढंच.

महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या किंवा बांधकाम खात्याच्या निविदा ज्यांनी उघडल्यात, त्यांना हे समजवावं लागत नाही. मी तिथूनच सुरुवात केली. तांत्रिक लिफाफ्यात नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटीचे कागद, बयाणा रकमेची पावती असते. कागद आहे की नाही आणि वैध आहे की नाही, एवढंच आपण बघतो. जीएसटी जास्त भरला म्हणून कुणाला पाच गुण जास्त मिळत नाहीत. कार्बन आराखड्याची जागा त्याच लिफाफ्यात आहे.

ब्रिटनने २०१९ मध्ये आपल्या हवामान कायद्यात दुरुस्ती करून २०५० चं नेट झिरो उद्दिष्ट कायद्यात घातलं. त्याला धरून जून २०२१ मध्ये 'पीपीएन ०६/२१' (पीपीएन म्हणजे प्रोक्युरमेंट पॉलिसी नोट) ही सरकारी खरेदी सूचना निघाली आणि ३० सप्टेंबर २०२१ पासून लागू झाली. केंद्रीय सरकारी खात्यांच्या, वर्षाला ५० लाख पाउंडांहून मोठ्या कंत्राटांसाठी कार्बन रिडक्शन प्लॅन ही पात्रतेची अट झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये नवा खरेदी कायदा अमलात आला, तेव्हा तिचं नाव 'पीपीएन ००६' झालं. गाभा तोच राहिला. तुमचं कंत्राट ६० लाखांचं, म्हणून तुम्ही यात येता.

कमी उत्सर्जनवाल्याला वर का घ्यायचं नाही, हे नीट समजून घ्या, कारण साहेबांना तुम्हालाच समजवावं लागेल. चाळीस माणसांच्या कंपनीचा आकडा चार हजार माणसांच्या कंपनीपेक्षा लहानच असणार. त्यावरून तुमच्या कार्यालयांची फरशी कोण कमी कार्बनमध्ये पुसेल, हे कळत नाही. आराखडा कंपनीबद्दल बोलतो, तुमच्या कामाबद्दल नाही. आणि मला जास्त खटकते ती गोष्ट पुढची आहे. ज्याने प्रामाणिकपणे सगळं मोजलं, त्याचा आकडा मोठा दिसतो. ज्याने अर्धंच मोजलं, त्याचा लहान. मोठ्या आकड्याला शिक्षा मिळाली, की पुढच्या वर्षी सगळेच कमी मोजायला शिकतील. प्रामाणिक पुरवठादाराला सांभाळणं तपासणाऱ्याच्या हातात असतं, आणि ते आपलं काम आहे असं मी मानतो.

आता पास-नापास कशावर ठरवायचं ते सांगतो. एक तक्ता करा आणि सहाही जणांना तीच पट्टी लावा. ब्रिटनमधल्या आपल्या कामकाजासाठी उशिरात उशिरा २०५० पर्यंत नेट झिरो, हे वचन स्पष्ट शब्दांत आहे का? 'आम्ही पर्यावरणाबाबत कटिबद्ध आहोत' हे वचन नव्हे. पायाभूत वर्षाचं, म्हणजे ज्याच्याशी पुढची तुलना करायची त्या वर्षाचं, आणि चालू वर्षाचं उत्सर्जन दिलंय का? त्यात स्कोप १ म्हणजे स्वतः जाळलेलं इंधन आणि गळालेले वायू, स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज, आणि स्कोप ३ म्हणजे कंपनीच्या कामामुळे इतरांकडे होणारं उत्सर्जन, त्यातले ठरवून दिलेले पाच प्रकार हवेत: माल आपल्याकडे येण्याची वाहतूक, माल पुढे जाण्याची वाहतूक, कामातून निघणारा कचरा, कामानिमित्तचा प्रवास आणि कर्मचाऱ्यांची घर ते काम ये-जा. आकडे ठरवून दिलेले हरितगृह वायू धरून, कार्बन डायऑक्साइडच्या समतुल्य टनांत हवेत. काय उपाय चालू आहेत आणि कंत्राट चालवताना ते लागू होतील का, हे लिहिलेलं हवं. संचालक पातळीवरची सही हवी. आराखडा कंपनीच्या संकेतस्थळावर सहज सापडेल असा हवा आणि दर वर्षी अद्ययावत केलेला हवा.

संकेतस्थळाची अट किरकोळ समजू नका. निविदेला जोडलेली फाइल आणि संकेतस्थळावरची फाइल मी कायम शेजारी शेजारी उघडतो. एकदा दोन्हींत पायाभूत वर्षच वेगळं निघालं होतं. एकदा सहीच्या पानावर भलत्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं. सरकारने दिलेला नमुना तयार आहे, त्यामुळे बरेच जण तो एकमेकांकडून उचलतात आणि नावं बदलायची राहतात. हे वाचल्याशिवाय दिसत नाही.

खरी तपासणी आकड्यांपाशी सुरू होते. तुमचं कंत्राट साफसफाईचं आहे, म्हणून तिथलंच उदाहरण घेतो. असाच एक आराखडा माझ्यासमोर आला होता. कर्मचारी आठशे आणि 'कर्मचाऱ्यांची ये-जा' या ओळीत ४ टन. दिसायला सुंदर. मी कागदाच्या कडेला हिशेब मांडला. एक माणूस वर्षाला २२० दिवस कामावर येतो. रोजचं जाणं-येणं मिळून १६ किलोमीटर धरा, आणि साधारण मोटारीला किलोमीटरमागे १७० ग्रॅम. एका माणसाचे वर्षाचे सहाशे किलो होतात. आठशे जणांचे जवळजवळ ४८० टन. बरेच सफाई कर्मचारी मोटारीने येत नाहीत, बसने किंवा पायी येतात, हे मान्य. निम्मे करा, चौथा हिस्सा करा. तरीही ४ टन होत नाहीत. ४ टन म्हणजे मोटारीने येणारी सात माणसं. त्यांच्या मुख्य कार्यालयात साधारण तेवढीच माणसं होती. पहाटे चार वाजता उठून दुसऱ्यांची कार्यालयं झाडायला जाणारी बाकीची माणसं हिशेबात आलीच नव्हती.

अशा वेळी थेट नापास करायचं नाही. स्पष्टीकरण मागायचं: 'या ओळीत कोणते कर्मचारी धरलेत आणि अंदाज कसा बांधला?' मला उत्तर आलं, पूर्ण हिशेब त्यांच्याकडे तयार होता, आराखड्यात चुकीचा तक्ता पडला होता. दुरुस्त आकडा शंभरपट मोठा निघाला आणि कंपनी पास झाली. आकडा मोठा झाला म्हणून तिचं काहीही बिघडलं नाही, हे मुद्दाम सांगतो.

दुसरी जागा विजेची. 'पायाभूत वर्षापासून आमचं विजेचं उत्सर्जन ५८ टक्के घटलं' असं वाक्य दिसलं, की आधी ते वर्ष कोणतं ते बघा. ब्रिटन सरकार दर वर्षी उत्सर्जन-गुणक जाहीर करतं. २०१४ मध्ये एका युनिट विजेमागे ०.४९ किलो धरायचे, २०२३ मध्ये ०.२१ च्या आत. समजा एका कार्यालयाने दोन्ही वर्षी एक लाख युनिटच वापरली. २०१४ चे ४९ टन होतात आणि २०२३ चे २१ सुद्धा भरत नाहीत. एक दिवाही न बदलता ५८ टक्के घट! ती कमाई त्या कंपनीची नाही, देशाच्या वीजजाळ्याची आहे. कोळसा हटत गेला. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे ब्रिटनमधलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं. यात फसवणूक काही नाही, आकडा नियमाप्रमाणे बरोबर आहे. पण कंपनीने स्वतः काय केलं हे बघायचं असेल, तर टनांऐवजी युनिटं विचारा.

पायाभूत वर्ष २०१९ असेल तर पुढची दोन वर्षं विमानप्रवास आपोआप कोसळलेला दिसेल. ते कोविडचं काम. २०२० धरलेलं असेल, तर उलट बिचाऱ्या कंपनीचं उत्सर्जन वाढलेलं दिसेल. दोन्हींकडे त्याच समजुतीने बघा.

आणि जे या आराखड्यात नसतंच, तेही लक्षात ठेवा. स्कोप ३ मध्ये एकूण १५ प्रकार आहेत, सूचनेने त्यातले पाचच मागितलेत. 'विकत घेतलेला माल आणि सेवा' हा पहिलाच प्रकार त्या पाचांत नाही. अनेक कंपन्यांचा सगळ्यात मोठा हिस्सा नेमका तिथे असतो. संगणक सेवा देणाऱ्या कंपनीने स्वतःचे सर्व्हर बंद करून क्लाउडवर काम नेलं, तर तिचा स्कोप २ धाडकन खाली येतो आणि तो भार अशा खान्यात जातो, जो आराखड्यात दाखवणं बंधनकारकच नाही. साफसफाईत रसायनं, कागदी रुमाल, कचऱ्याच्या पिशव्या, यंत्रं हे सगळं त्याच खान्यातलं. म्हणून त्याबद्दल विचारायचं असेल, तर आराखड्यावर रागावून उपयोग नाही. प्रश्न कंत्राटाच्या बाजूने विचारावा लागतो. त्याकडे येतोच.

मूळ कंपनीच्या आराखड्याचं सांगतो. तो चालतो, पण अटींवर. निविदा भरणारी कंपनी संपूर्णपणे मूळ कंपनीच्या मालकीची हवी. नेट झिरोचं वचन या उपकंपनीला आणि तिच्या ब्रिटनमधल्या कामकाजाला लागू आहे आणि तिने ते स्वीकारलंय, हे आराखड्यातच दिसलं पाहिजे. त्यातले उपाय हे कंत्राट चालवताना उपकंपनीला वापरता आले पाहिजेत. आणि तो उपकंपनीच्याही संकेतस्थळावर हवा. ७० टक्के मालकीची कंपनी असेल तर पहिल्याच अटीला अडकेल. तेव्हा मालकी आधी तपासा, बाकीचं नंतर.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी इथे थोडं थांबतो, कारण हिंजवडीतून ब्रिटनची टेंडरं भरणारे बरेच जण इथेच ठेचकाळतात. भारताचं राष्ट्रीय उद्दिष्ट २०७० चं आहे, नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत जाहीर झालेलं. 'आम्ही देशाच्या उद्दिष्टाशी बांधील आहोत' असं मूळ कंपनीच्या आराखड्यात लिहिलं आणि ब्रिटनसाठी २०५० वेगळं नमूद केलं नाही, तर तपासणाऱ्याचा नाइलाज होतो. दुसरं, सेबीच्या बीआरएसआर अहवालाची (कंपनीच्या सामाजिक-पर्यावरणीय जबाबदारीचा वार्षिक अहवाल) प्रत जोडून भागत नाही. बाजारमूल्यानुसार वरच्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना तो २०२२-२३ पासून बंधनकारक आहे, पण त्याच्या मूळ रचनेत स्कोप १ आणि २ अनिवार्य आणि स्कोप ३ ऐच्छिक. इथे हवे असलेले पाच प्रकार त्यात नसू शकतात. तिसरं, हिशेबाची सीमा. ब्रिटनमधल्या तीस माणसांचं उत्सर्जन दाखवलं आणि प्रत्यक्ष काम तीनशे माणसं पुण्यात बसून करणार असतील, तर पात्रता मिळेलही, पण चित्र अपुरं राहील. भारतीय वीजजाळ्यात युनिटमागे ०.७ किलोहून जास्त उत्सर्जन होतं, ब्रिटनच्या तिपटीपेक्षा अधिक. तेव्हा हे आपण होऊन सांगा. मी तपासणाऱ्याच्या खुर्चीतून सांगतो, असं न मागता दिलेलं पान विश्वास वाढवतं.

मग गुण कुठे द्यायचे? तुमच्या कंत्राटासाठी विचारलेल्या प्रश्नाला. केंद्रीय सरकारच्या मोठ्या टेंडरांत सामाजिक मूल्याला, म्हणजे कंत्राटातून समाजाला होणाऱ्या जादा फायद्याला, किमान १० टक्के भारांक असतो आणि हवामानाचा विषय त्यात घेता येतो. इथे तुलना करायला पूर्ण मोकळीक आहे, कारण प्रश्न आता तुमच्या इमारतींचा आहे. 'तुमचं पर्यावरण धोरण सांगा' असं विचारलंत तर सहा चकचकीत निबंध येतील. त्याऐवजी विचारा: आमच्या कार्यालयांत रात्रीची सफाई दिवसा आणली तर दिव्यांचे किती तास वाचतील? किती व्हॅन विजेच्या आणाल आणि कोणत्या महिन्यापर्यंत? रसायनं दाट स्वरूपात आणून इथे पातळ कराल का, म्हणजे पाणी वाहून आणायला नको?

देखभालीत एक गोष्ट आहे, जी सहापैकी एकाही आराखड्यात सापडणार नाही. तुमच्या वातानुकूलन यंत्रातला वायू. जुन्या यंत्रांत आर-४१०ए असतो. त्याचा एक किलो गळाला, तर दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं आहे. यंत्रं तुमच्या संस्थेची, म्हणून ती गळती तुमच्या संस्थेच्या खात्यात पडते. पुरवठादाराच्या आराखड्यात तिची ओळच नाही. आणि तरी गळती लवकर पकडणं पूर्णपणे त्याच्या माणसाच्या हातात आहे. म्हणून प्रश्न घाला: गळती किती वेळा तपासाल, वायू भरल्याची नोंद कशी ठेवाल? या एका प्रश्नाच्या उत्तरातून खरा देखभाल करणारा कोण ते समजतं. प्रश्न आणि गुणांची पद्धत टेंडर निघतानाच जाहीर केलेली असली पाहिजे. आता निविदा उघडल्यावर नवा निकष घुसवता येणार नाही. तुमच्या टेंडरात असा प्रश्न नसेल, तर तो पुढच्या वेळी.

करारात मात्र अजून वाव आहे. नव्या कायद्याप्रमाणे ५० लाख पाउंडांहून मोठ्या करारांना किमान तीन कामगिरी-निर्देशांक ठरवून प्रसिद्ध करावे लागतात. त्यातला एक कार्बनचा ठेवा, आणि तो विजेत्याने आपल्या निविदेत जे स्वतः कबूल केलंय त्यातूनच उचला. 'उत्सर्जन कमी करू' असा नको. 'दर तिमाहीत भरलेला वायू किलोत', 'दिवसा सफाई होणारे मजले' असा मोजता येणारा हवा. बांधकाम खात्यात मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय देयक पुढे सरकत नाही. आढावा बैठकीतला तक्ता तेवढ्याच कडकपणे भरा. पहिल्या बैठकीत जो आकडा मागितला नाही, तो पाचव्या वर्षापर्यंत कुणी मागत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

तुमचा एखादा सहकारी स्कॉटलंडमध्ये असेल, तर त्याच्या नमुन्याशी हे ताडू नका. तिथे निविदाकाराकडून 'क्लायमेट चेंज प्लॅन' भरून घेतात, त्यात मोजलेलं उत्सर्जन असावंच असा आग्रह नाही. काय उपक्रम आखलेत, ते बघतात. छोट्या पुरवठादारांसाठी ते सोयीचं आहे. इंग्लंडच्या आरोग्य सेवेतही लहान करारांना पूर्ण आराखड्याऐवजी नेट झिरोची लेखी बांधिलकी चालते. तुमच्या सहांत एखादी लहान कंपनी असेल, तर तिच्या अंदाजी आकड्यांना नाकं मुरडू नका. अंदाज कसा बांधला ते लिहिलं असेल, तर तो अंदाज चालतो.

आता चौदा महिन्यांचा आराखडा. आधी तुमच्याच टेंडरचे शब्द वाचा: 'बारा महिन्यांच्या आत' हे कोणत्या तारखेपासून मागे मोजायचं म्हटलंय? तिथे जे छापलंय तेच सगळ्यांना लागू. त्या मोजणीत तो खरोखर जुना निघाला, तर संकेतस्थळ उघडून बघा. पुष्कळदा नवा आराखडा तिथे चढलेला असतो आणि निविदा भरणाऱ्याने जुनी फाइल जोडलेली असते. तसं असेल, तर स्पष्टीकरणाचं पत्र पाठवून नवा मागवा. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या मॅनोव्हा खटल्यात युरोपीय न्यायालयापुढे असाच मुद्दा होता. निविदा भरणाऱ्या दोन विद्यापीठांनी ताळेबंद जोडले नव्हते आणि खात्याने ते नंतर मागवले. न्यायालयाने ते मान्य केलं, कारण ताळेबंद मुदतीआधीच प्रसिद्ध झालेले होते. अपवाद एकच सांगितला: कागद नसेल तर बाद, असं टेंडरात स्पष्ट लिहिलेलं असेल तर नाही. आजही हाच भेद मी पाळतो. मुदतीआधी अस्तित्वात असलेला कागद मागवता येतो, मुदतीनंतर जन्मलेला कागद घेणं इतर पाच जणांवर अन्याय आहे.

पत्र आजच पाठवा. उत्तराला सगळ्यांना देता तेवढेच दिवस द्या. संकेतस्थळावरच्या त्या पानाची तारखेसह प्रत काढून फायलीत लावा, आणि पास असो वा नापास, कारण तुमच्या तक्त्यात दोन ओळींत लिहून सही करा. हरलेला पुरवठादार कारण विचारतो, तेव्हा उत्तर त्या दोन ओळींतूनच द्यायचं असतं.